डोक्याला मार लागल्यानंतरचा पहिला तास आणि केसपेपरवरचा रिकामा रकाना

जमाखर्च (सातारा)

गेल्या गळीत हंगामात माझ्या धाकट्या भावाचा रहिमतपूर रस्त्यावर अपघात झाला. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात रस्त्याच्या कडेला उभा होता, मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला होता आणि भावाचे हेल्मेट दुचाकीच्या आरशाला अडकवलेले होते. तो स्वतः उठून बसला, कपडे झटकले आणि 'मला काही झालेले नाही, आधी गाडी उचला' असे म्हणाला. त्यानंतरच्या सव्वापाच तासांत आम्ही तीन रुग्णालये पाहिली. पहिल्या ठिकाणी भुवईवर चार टाके घालून 'मुका मार आहे' असे सांगण्यात आले व आम्ही घरी आलो. घरी त्याला दोन उलट्या झाल्या आणि तो बोलता बोलता पेंगू लागला. दुसऱ्या ठिकाणी सीटी स्कॅनचे यंत्र होते, पण ते चालवणारा घरी गेला होता. तिसऱ्या ठिकाणी मध्यरात्रीनंतर शस्त्रक्रिया होऊन कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये साठलेली रक्ताची गुठळी काढण्यात आली. भाऊ वाचला. या तिन्हींपैकी कोणत्याही रुग्णालयाचे नाव मी येथे लिहिणार नाही आणि कृपया कोणी विचारूही नये, कारण धागा काढण्याचा हेतू तक्रारीचा नाही.

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात ३१ वर्षे काढली. निवृत्तीनंतरही कागद हाताशी आला की आधी तारीख, वेळ आणि सही पाहण्याची खोड गेलेली नाही. भाऊ घरी आल्यावर तिन्ही रुग्णालयांचे कागद समोर पसरून मी त्या सव्वापाच तासांचा ताळेबंद मांडायला बसलो आणि तो काही केल्या जुळेना. पहिल्या कागदावर 'शुद्धीवर' एवढाच शब्द होता, वेळ नव्हती. दुसऱ्या कागदावर 'जीसीएस १२' असे लिहिले होते (शुद्ध किती आहे हे सांगणारा हा आकडा, १५ म्हणजे पूर्ण शुद्ध). तेथेही वेळ नव्हती, आणि तो आकडा सीटीच्या आधीचा की नंतरचा हेही कळत नव्हते. तिसऱ्या ठिकाणी मात्र आकडा आणि वेळ दोन्ही होते, पण तोपर्यंत आकडा ६ वर आला होता. याचा अर्थ असा, की माझा भाऊ १५ वरून ६ पर्यंत घसरला खरा, पण तो केव्हा घसरू लागला हे त्याच्या स्वतःच्या कागदांवरून कोणालाही सांगता येणार नाही. आमच्या कार्यालयात तारखेशिवाय आलेली नोंद आम्ही नोंद मानत नसू.

त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. वाचनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली: डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचे काय करावे याविषयीचे बरेचसे नियम ब्रिटनमधून आले आहेत, आणि ते तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत रोज लिहिल्या जाणाऱ्या नोंदींमधून घडत गेले आहेत. म्हणजे उपचार आणि संशोधन ही तेथे दोन वेगळी खाती दिसत नाहीत. हे प्रत्यक्षात कसे चालते, आणि सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांत त्यातले काही जमण्यासारखे आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त भूलतज्ज्ञ (मिरज)

जमाखर्च, आपल्या भावाच्या बाबतीत जे घडले त्याला वैद्यकात अनेक दशकांपासून नाव आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या चेताशल्यविशारदांनी (मेंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी) आणि विकृतिशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, जे डोक्याला मार लागल्यानंतर बोलले आणि पुढे दगावले. त्यामागचा तर्क साधा पण विलक्षण होता. जो माणूस अपघातानंतर एक वाक्य बोलू शकला, त्याचा मेंदू आघाताच्या क्षणी तरी पुरता उद्ध्वस्त झालेला नव्हता. मग तो दगावला असेल तर नंतर काहीतरी घडले, आणि नंतर घडलेले काही वेळा टाळता येते. बहुतेकदा ते 'काहीतरी' म्हणजे आत साठत गेलेले रक्त, घसरलेला रक्तदाब किंवा अपुरा प्राणवायू असतो. अमेरिकेतील १९९३ च्या एका प्रसिद्ध विश्लेषणात असे दिसले, की गंभीर इजेच्या रुग्णाचा वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. मी ३० वर्षे भूल दिली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर कवटी उघडण्याआधीच लढाई हरलेली आहे, असे कितीदा तरी जाणवे, आणि ती रुग्णवाहिकेत किंवा एखाद्या बाकावर ताटकळताना हरलेली असे.

तुम्ही ज्याला आकडा म्हणता तो ग्लासगो कोमा स्केल ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडला. डोळे उघडण्याला ४ पर्यंत, बोलण्याला ५ पर्यंत आणि हालचालीला ६ पर्यंत गुण असतात; कमाल १५, किमान ३. त्याआधी कागदावर 'अर्धवट शुद्धीत', 'गुंगीत' असे शब्द असत आणि एका डॉक्टरची गुंगी दुसऱ्याच्या गुंगीशी जुळत नसे. या मोजपट्टीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, आणि ती नवशिक्या परिचारिकेलाही शिकवता येते, म्हणून ती जगभर गेली. तिचे खरे बळ एका आकड्यात नसून दोन वेळांच्या दोन आकड्यांमधील फरकात आहे. त्यामुळे वेळ न लिहिलेला जीसीएस हा अर्धाच जीसीएस, हे तुमच्या लेखा विभागाने वैद्यकीय महाविद्यालयापेक्षा अधिक नीट ओळखले आहे.

जाता जाता एक आठवण सांगतो. बोलण्याचे पूर्ण ५ गुण देण्यासाठी रुग्णाला स्थळ-काळाचे भान आहे का हे पाहायचे असते. जत भागातून आलेल्या एका आजींना आमच्या शिकाऊ डॉक्टरने 'महिना कोणता' असे विचारले. आजी 'आखाड' म्हणाल्या, आणि त्याने एक गुण कापला. आषाढच चालू होता. मोजपट्टी ग्लासगोची असली तरी प्रश्न आपल्या माणसाच्या पंचांगातून विचारावा लागतो, हे मी त्यानंतर प्रत्येक तुकडीला सांगत आलो.

आता संशोधनाविषयी. जेनेट यांच्या गटाने केवळ चेताशल्य विभागात पोहोचलेले रुग्ण मोजले नाहीत. स्कॉटलंडमधील रुग्णालयांच्या अपघात विभागांत डोक्याला मार लागून आलेले, टाके घालून त्याच दिवशी घरी गेलेले रुग्णही त्यांनी मोजले. गणिताच्या भाषेत सांगायचे तर अंश सगळ्यांकडे असतो, त्यांच्याकडे छेद होता. म्हणूनच १९८३ मध्ये ते हे सांगू शकले, की कवटीला तडा नसलेल्या आणि पूर्ण भानावर असलेल्या प्रौढांत आत रक्त साठण्याचा धोका सुमारे ६,००० मध्ये १ असतो, आणि तडाही आहे व भानही हरपले आहे अशांमध्ये तो ४ मध्ये १ असतो. हे वाक्य मिरजेत बसून मला कधीच लिहिता आले नसते. मिरज हे मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रुग्णांचे गाव आहे. कर्नाटकातूनही माणसे येथे येतात. आमच्याकडे रुग्ण भरपूर होते. पण जे तासगावला, विट्याला, कवठेमहांकाळला टाके घालून घरी गेले त्यांचे पुढे काय झाले, हे आम्हांला कधीच कळले नाही.

येरळाकाठ (मूळ तासगाव, सध्या उत्तर इंग्लंड)

मी येथील एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेली १२ वर्षे परिचारिका आहे. डॉक्टरांनी इतिहास सांगितला, मी रोजचे काम सांगते.

येथे 'नाइस' नावाची राष्ट्रीय संस्था उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवते. डोक्याच्या इजेवरील तिची तत्त्वे प्रथम २००३ मध्ये आली आणि २००७, २०१४ व २०२३ मध्ये सुधारली गेली. २००३ चा बदल मोठा होता, कारण त्याआधी कवटीचा क्ष-किरण फोटो काढून रुग्णाला रात्रभर निरीक्षणाखाली ठेवण्याची पद्धत होती, ती मागे पडून निवडक रुग्णांचे लवकर सीटी करण्याची पद्धत आली. 'निवडक' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रौढ रुग्णाचा पहिला जीसीएस १२ किंवा त्याहून कमी असेल, इजेनंतर दोन तासांनीही तो १५ वर आलेला नसेल, एकापेक्षा अधिक उलट्या झाल्या असतील, झटका आला असेल, कवटीच्या अस्थिभंगाची चिन्हे दिसत असतील किंवा हातापायाची एक बाजू दुबळी वाटत असेल, तर त्यांपैकी एकही गोष्ट लक्षात आल्यापासून एका तासाच्या आत सीटी व्हायला हवा. जमाखर्च दादांच्या भावाला दोन उलट्या झाल्या आणि तो पेंगू लागला, म्हणजे येथे असता तर त्या क्षणी घड्याळ सुरू झाले असते.

निरीक्षणाचेही वेळापत्रक ठरलेले आहे. जीसीएस १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने तपासायचे. १५ झाल्यावर दोन तास अर्ध्या तासाने, पुढचे चार तास तासातासाने आणि मग दर दोन तासांनी. मध्ये आकडा घसरला तर पुन्हा अर्ध्या तासावर यायचे. नुसती बेरीज लिहिलेली चालत नाही, डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण स्वतंत्र लिहावे लागतात, कारण दोन रुग्णांचे १० सारखे नसतात. तोंडाला दारूचा वास आला म्हणून गुंगी दारूची आहे असे धरायचे नाही. मेंदूची इजा नाही हे पाहिल्यानंतरच ते कारण लिहायचे. घरी पाठवताना छापील पत्रक दिले जाते आणि घरी लक्ष ठेवणारे प्रौढ माणूस आहे का हे विचारले जाते.

हे वाचून येथे सगळे सुरळीत चालते असे कृपया समजू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला सुमारे १४ लाख लोक डोक्याला मार लागून तातडीच्या विभागात येतात असे नाइसच्याच २०१४ च्या दस्तऐवजात आहे, आणि त्यांतील दगावणाऱ्यांचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे गवताच्या गंजीतली सुई शोधण्याचे हे काम आहे, आणि ते मार्गिकेत लावलेल्या खाटांमधून, रुग्णाला चार तासांत दाखल करण्याच्या किंवा घरी पाठवण्याच्या उद्दिष्टाचा केव्हाच बोऱ्या वाजलेला असताना करायचे असते. ८० वर्षांच्या आजी न्हाणीघरात घसरून पडतात, रक्त पातळ करणारी गोळी घेत असतात, पूर्ण बोलत असतात, आणि म्हणूनच रांगेत मागे राहतात. तरुण दुचाकीस्वार आमच्या नजरेतून सुटत नाही, आजी सुटतात.

संशोधनाचा भाग मला सर्वांत वेगळा वाटला. बेशुद्ध माणूस संमती देऊ शकत नाही आणि नातेवाईक पोहोचेपर्यंत औषधाची वेळ निघून जाते. अशा वेळी नीतिमत्ता समितीने आधीच मान्य केलेल्या चौकटीत रुग्णाला चाचणीत घेऊन नंतर त्याची किंवा नातेवाईकांची संमती विचारण्याची सोय येथील कायद्यात आहे. एकदा एका तरुणाच्या आईने तीन दिवसांनी नकार दिला. आम्ही त्याची माहिती पुढे वापरली नाही, आणि तिला कारणही विचारले नाही.

माणदेशी पाहुणा (दहिवडी)

सर्वांचे लेखन आदराने वाचले, परंतु एक शंका मांडतो. ज्या देशात रुग्णाला खिशात हात न घालता सीटी मिळतो, तेथील नियम आपण घोकून काय उपयोग? दहिवडीहून चेताशल्यविशारदापर्यंत पोहोचायला रात्री किती वेळ लागतो, हे ज्याने रुग्ण नेला आहे त्याला विचारा. आमच्या आळीतील मुलाचे वाहन पोहोचेपर्यंत घरच्यांनी एक एकर गहाण टाकण्याची बोलणी सुरू केली होती. तालुक्याला यंत्र द्या, यंत्र चालवणारा माणूस द्या, मग रकान्यांचे पाहू. नुसते कागद भरून माणूस वाचत नाही.

निवृत्त भूलतज्ज्ञ (मिरज)

पाहुणे, यंत्राविषयी तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि त्यावर वाद घालणार नाही. परंतु 'श्रीमंत देशाचे नियम' याविषयी दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट माझ्याच हातून घडलेली आहे. आम्ही अनेक वर्षे डोक्याच्या इजेवर स्टेरॉइडची इंजेक्शने देत असू. मेंदूची सूज उतरेल असा आमचा समज होता, पुस्तकांतही तसे होते, आणि काही रुग्ण बरे होतही. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने चालवलेल्या 'क्रॅश' चाचणीत १०,००८ प्रौढ रुग्ण घेतले गेले आणि २००४ मध्ये निकाल आला: स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. औषध तारत नव्हते, मारत होते, आणि शंभरात तीन जास्त मृत्यू हा फरक इतका बारीक होता, की एखाद्या डॉक्टरला तो स्वतःच्या अनुभवातून आयुष्यभरात दिसला नसता. मला तो दिसला नाही. त्या निकालानंतर मी माझ्या वहीतल्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या होत्या. त्याविषयी याहून अधिक लिहीत नाही.

त्याच संस्थेची पुढची चाचणी 'क्रॅश-३' ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडची होती. हे रक्तस्राव रोखणारे औषध कोणत्याही प्रसूतिगृहात सापडेल इतके साधे आणि स्वस्त आहे. २९ देशांतील १२,७३७ रुग्ण त्यात होते, आणि २०१९ मध्ये निकाल आला. सर्व रुग्ण एकत्र धरले तर फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही. सौम्य व मध्यम इजेत मात्र तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये डोक्याच्या इजेने होणारे मृत्यू ७.५ टक्क्यांवरून ५.८ टक्क्यांवर आले. अतिगंभीर रुग्णांत तसा फायदा दिसला नाही. आता पाहा, हे औषध द्यायचे की नाही हे ठरवायला मुख्यतः दोन गोष्टी लागतात, जीसीएस किती आणि मार लागून किती वेळ झाला. पाहुणे, दहिवडीत सीटी यंत्र नसले तरी या दोन गोष्टी तेथे लिहिता येतात, आणि जेथून मोठे रुग्णालय दूर आहे तेथेच त्या अधिक लागतात. नाइसने २०२३ च्या आवृत्तीत, जीसीएस १२ किंवा कमी असेल तर दोन तासांच्या आत हे औषध देण्याचा विचार करावा, असे म्हटले आहे. अर्थात ते डॉक्टरांनी ठरवायचे आहे. घरात आणून ठेवण्याची ही वस्तू नव्हे.

दुसरी गोष्ट तुमच्या बाजूची आहे. कवटीला भोक पाडून आतील दाब मोजणारी नळी बसवणे हा श्रीमंत देशांत दंडक झाला होता. बोलिव्हिया आणि इक्वेडोर येथील ३२४ रुग्णांवर तो तपासला गेला. निम्म्यांना नळी बसवली आणि निम्म्यांवर सीटी व प्रत्यक्ष तपासणी यांच्या आधारे उपचार केले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि अजून होतो, परंतु तो प्रश्न विचारता आला तो ज्यांच्याकडे ती नळी मुबलक नव्हती अशा देशांमध्येच. आपल्याकडेही असे प्रश्न आहेत. उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेला माणूस पहिल्या बारक्या रुग्णालयात थांबवून स्थिर करावा, की थेट कराड-मिरजेला न्यावा? याचे उत्तर ग्लासगोत मिळणार नाही.

सायरन (वाई)

मी १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. ही सेवा राज्यात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि आपल्या राज्यात गाडीबरोबर डॉक्टर असतो, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू आहे. खंबाटकीच्या बोगद्यापासून खाली वळणापर्यंतचा रस्ता मला डोळे मिटून सांगता येईल.

जमाखर्च काकांना माझी बाजू कळावी म्हणून लिहितो. मी जीसीएस लिहितो, वेळही लिहितो, प्राणवायू लावतो, मान स्थिर करतो. रुग्णालयात पोहोचल्यावर माझ्या कागदाची एक प्रत तेथे देतो. तेथे नवीन केसपेपर निघतो, पोलिसांसाठी एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद होते, आणि माझी प्रत बहुतेक वेळा त्या नव्या कागदांमागे टाचणी लावून किंवा टाचणीशिवाय राहते. रुग्ण पुढे पाठवला गेला तर बरोबर नवा कागद जातो, माझा जात नाही. म्हणजे भूलतज्ज्ञ सर म्हणतात तो पहिला आकडा पुष्कळदा असतो, पण त्याचा प्रवास रुग्णाबरोबर होत नाही. शिवाय माझ्या रुग्णाचे पुढे काय झाले हे मला कोणी कळवत नाही. एकदा सुटीच्या दिवशी स्वतः जाऊन चौकशी केली, तेव्हा पहारेकऱ्याने मला नातेवाईक समजून भेटीची वेळ सांगितली.

अपघातांची माहिती एकत्र करण्यासाठी पोलीस, परिवहन, रस्ते आणि आरोग्य या चार खात्यांना जोडणारी केंद्र सरकारची संगणकीय प्रणाली आली आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र आज देशाच्या आकड्यांचा पाया पोलिसांची नोंद हाच आहे. २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतील ५०,०२९ दुचाकीवरील विनाहेल्मेट होती, इतके त्या आकड्यांतून कळते. किती जण जगले पण स्वतःचे नाव विसरले, हे त्यातून कळत नाही, आणि रस्त्यात शुद्धीवर असताना शेवटचे केव्हा बोलले हेही कळत नाही.

पाहुण्यांच्या पैशांच्या मुद्द्यावर एक माहिती देतो. मे २०२५ पासून रस्ते अपघातग्रस्तांना अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोख उपचारांची केंद्राची योजना लागू झाली आहे. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्या माणसाला त्रास देता येणार नाही, असे संरक्षण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आले आहे. तरीही उंब्रजच्या पुलाजवळ लोक भोवती कडे करून उभे असतात आणि हात कोणी लावत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माणदेशी पाहुणा (दहिवडी)

सायरन डॉक्टर, योजनेची माहिती दिलीत त्याबद्दल आभार. सात दिवसांचे समजले, आठव्या दिवशीचे काय? आमच्या आळीतील तो मुलगा वाचला आणि आज दीड वर्ष झाले तरी त्याची आई त्याला घास भरवते आहे.

येरळाकाठ (मूळ तासगाव, सध्या उत्तर इंग्लंड)

पाहुणे, तुमच्या प्रश्नाला येथेही सरळ उत्तर नाही. मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवण्याच्या शस्त्रक्रियेची केंब्रिजच्या पुढाकाराने ४०८ रुग्णांवर चाचणी झाली. २०१६ मधील निकालानुसार सहा महिन्यांनंतर मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत २६.९ टक्के आणि न झालेल्यांत ४८.९ टक्के होते. मात्र जाणीवशून्य अवस्थेत जगणाऱ्यांचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत ८.५ टक्के आणि दुसऱ्या गटात २.१ टक्के निघाले. हा निकाल हाती घेऊन कोणत्या आईला काय विचारावे, हे मला अजून समजलेले नाही. एवढे मात्र आहे, की सहा महिन्यांनी घरी फोन करून 'तो आता स्वतः जेवतो का, एकटा दुकानात जातो का, पूर्वीचे काम करतो का' हे विचारणारे कोणीतरी होते, म्हणूनच हे आकडे आपल्यासमोर आहेत. आपल्याकडे घरी सोडल्याचा दिवस हा केसपेपरचा शेवटचा दिवस असतो.

दादा, तुमचे बंधू आता कसे आहेत?

जमाखर्च (सातारा)

ताई, तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. भाऊ गावच्या दूध संकलन केंद्रावर बसत असे. कॅन उचलण्याचे, माप घालण्याचे काम तो आजही करतो. मात्र फॅट पाहून दर लावणे आणि पुस्तकात नोंद करणे त्याला जमत नाही. दोन आकडे एकदम डोक्यात ठेवले की दुखते असे म्हणतो. चिडतो फार. पूर्वी चिडत नसे. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर 'प्रकृती समाधानकारक' असे लिहिले आहे, आणि ज्याने लिहिले त्याला मी दोष देत नाही, कारण त्या दिवशी ते खरेच होते.

या चर्चेवरून मी एक पानाचा मराठी तक्ता तयार केला. वर अपघाताची वेळ, खाली डोळे, बोलणे, हालचाल असे तीन रकाने, प्रत्येक ओळीला तपासणीची वेळ, रक्तदाब, उलटी झाली का, आणि तपासणाऱ्याची सही. बेरजेचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवला आहे. भूलतज्ज्ञ साहेबांनी खासगी निरोपात दोन दुरुस्त्या सुचवल्या: प्रत्येक डोळ्याच्या बाहुलीसाठी स्वतंत्र रकाना हवा, आणि रुग्णाला महिना विचारताना मराठी महिनाही ग्राह्य धरावा अशी तळटीप हवी. दोन्ही केल्या. सायरन डॉक्टरांच्या सांगण्यावरून कागद जाड घेतला आणि 'हा कागद रुग्णाबरोबर पुढे पाठवावा' अशी ओळ तांबड्या शाईत छापली. मागच्या बाजूला रुग्ण घरी गेल्यानंतर सहा महिन्यांनी करायच्या फोनसाठी तीन प्रश्न आहेत, ते ताईंचेच आहेत.

शंभर प्रती घेऊन जवळच्या एका सरकारी रुग्णालयात गेलो. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वरिष्ठांना विचारावे लागेल असे सांगितले, ते योग्यच आहे. तेथील सिस्टरनी तक्ता उलटसुलट पाहिला आणि विचारले, 'सहा महिन्यांनी फोन कोणाच्या मोबाइलवरून करायचा?' याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. कोणाकडे असल्यास येथे लिहावे.

सायरन (वाई)

काका, दहा प्रती वाईच्या बसने पाठवा. गाडीत ठेवतो.